आपल्यासाठी खुले, शेतकऱ्यासाठी बंद



आपल्या मंडळाच्या सभागृहातल्या दोन बैठका माझ्या मनातून जात नाहीत.

पहिली डिसेंबर २०२३ ची. केंद्र सरकारने ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झाले होते, तेवढ्याने भागले नाही म्हणून दारच लावून घेतले. बैठक संपल्यावर चहा घेताना हा विषय निघाला आणि सर्वांचे एकमत झाले की सरकारने योग्य केले. "आधी आपल्या माणसांना, मग बाहेरच्यांना," असे आपले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे आधीच कबूल करून टाकतो.

दुसरी बैठक सप्टेंबर २०२५ ची. तेच सभागृह, जवळजवळ तीच माणसे. अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावल्याची बातमी नुकतीच आली होती. आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत असे घर शोधून काढावे लागेल ज्यातला कोणी मुलगा, भाचा, जावई तिकडे नाही. त्या दिवशी हिशेबाचा विषय बाजूला पडला. "पोरे स्वतःच्या अकलेवर कमावतात. ज्याला गरज आहे तो त्यांना नोकरीवर घेतो. देणारा राजी, घेणारा राजी, मग मध्ये सरकार कोण?" हे तेच ज्येष्ठ सभासद बोलले, आणि मनापासून बोलले. त्यांचा नातू तिकडे शिकतो आहे.

त्यांचे बोलणे शंभर टक्के बरोबर होते. माझा प्रश्न एवढाच आहे, की हेच वाक्य लासलगावच्या कांदेवाल्याने उच्चारले असते तर आपण काय म्हटले असते? देणारा राजी, दुबईचा घेणारा राजी, मध्ये सरकार कोण? "आधी आपल्या माणसांना" हे तत्त्व वॉशिंग्टनने लावले की तो अन्याय होतो आणि दिल्लीने लावले की देशहित होते, हे गणित मला सुटत नाही.

खुल्या बाजारावर आणि उदारमतवादावर आज सगळीकडून हल्ले होत आहेत, असे लेख आपण वाचतो. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ आणि मग ५० टक्के आयातशुल्क लावले, युरोपात आणि इतरत्र सीमा बंद करा म्हणणाऱ्यांची चलती आहे, हे सर्व खरे आहे. त्यावर पुष्कळ विद्वान लिहीत असतात. मला आपल्याविषयी लिहायचे आहे. पगारदार, पेन्शनदार, सुशिक्षित, १९९१ च्या उदारीकरणाचे तूप ज्यांच्या पोळीवर पडले त्या आपल्या वर्गाविषयी. आपण विकायला निघालो की आपल्याला जगाचा बाजार हवा असतो आणि विकत घ्यायला निघालो की सरकारचा दंडुका हवा असतो. उदारमतवादाचे खरे दुखणे मला इथे दिसते, आणि ते बाहेरून आलेले नाही.

माझे आजोळ रावेरकडचे. बऱ्हाणपूरपासून फार तर दीड तासाचा रस्ता. मामांची कोरडवाहू जमीन आणि त्यात कापूस. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, दुसऱ्या कोणाला विकला तर गुन्हा. हेतू चांगला होता, व्यापाऱ्यांच्या लुटीतून शेतकऱ्याला सोडवायचे. प्रत्यक्षात ज्या वर्षी बाहेर भाव चढा असे त्या वर्षी महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला तो मिळत नसे, आणि पैशाचे हप्ते पडत. मी इथे कॉलेजात होतो, सुट्टीत मामांकडे गेलेलो. एका रात्री मामांनी बैलगाडी जुंपली, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडून ठेवल्या. मी विचारले, "मामा, चाललात कुठे?" ते म्हणाले, "चोरी करायला. चल."

कडब्याखाली त्यांचाच कापूस होता. त्यांनी पेरलेला, मामींनी आणि मजूर बायांनी वेचलेला. मध्य प्रदेशच्या हद्दीत त्याला भाव बरा होता. आम्ही नाक्यापर्यंत पोचलो आणि पकडले गेलो. पुढे जे झाले ते सांगत नाही. मामा त्या शिपायापुढे ज्या आवाजात बोलले तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नाही. परत येताना दोघेही गप्प. त्या रात्री कोणत्याही पुस्तकाशिवाय मला कळले की माल विकण्याचे स्वातंत्र्य हा काही शेठजींच्या चैनीचा विषय नाही. ज्याच्याकडे विकायला वर्षाकाठी एकच पीक असते त्याच्या मानाचा तो विषय आहे.

ती योजना पुढे मोडीत निघाली, सरकारची तिजोरी रिकामी करूनच निघाली. तरीही मी २०२३ मध्ये मान डोलावली. भजी स्वस्त झाली की आजोळ विसरते.

काही जण म्हणतील, गरीब ग्राहकाचे काय? प्रश्न रास्त आहे. कांदा साठ-सत्तर रुपयांवर गेला की हातावर पोट असणाऱ्याला झळ बसते. पण त्याला मदत करायची जबाबदारी कोणाची? सर्व समाजाची असेल तर ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून द्यावी. निर्यातबंदी करून ती एकट्या कांदा पिकवणाऱ्याच्या खिशातून काढली जाते. आणि त्या आडोशाने स्वस्त कांदा आपल्याही पिशवीत पडतो, त्याची लाज आपल्याला वाटत नाही. भाव कोसळतो तेव्हा हेच ग्राहक-हितवाले शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिल्याचे मी पाहिलेले नाही.

आपल्या माळव्यात भाव कोसळल्यावर काय होते ते आपण २०१७ मध्ये पाहिले. नोटाबंदी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. मंडीचा व्यवहार रोखीवर चालणारा, तो मोडला. पुढच्या उन्हाळ्यात कांद्याला कोणी विचारीना. तिकडे नगर जिल्ह्यात पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी १ जूनपासून संप पुकारला, इकडे मंदसोर पेटले, आणि ६ जूनला गोळीबारात पाच शेतकरी मेले. मग आपल्या राज्य सरकारने आठ रुपये किलोने कांदा विकत घेतला. त्यातला पुष्कळ सडला. त्या जूनमध्ये सडक्या कांद्याचा वास आपल्यापैकी ज्यांनी घेतला असेल ते तो विसरले नसतील. आधी बाजाराचा कणा मोडायचा, मग कुबडी द्यायची आणि कुबडीवर आपले नाव छापायचे!

हे एका पक्षाचे पाप नाही. २०१० आणि २०११ मध्ये दुसऱ्या आघाडीचे सरकार होते, तेव्हाही कांदा निर्यात बंद झाली होती. २०१९ मध्ये झाली, २०२० मध्ये झाली, २०२३ मध्ये झाली. शेवटच्या खेपेला तर बंदीतही पंगत मांडली गेली. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती अशा ठराविक देशांना, ठराविक टन, सरकारी मार्गाने. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वेगळी मुभा मिळाली आणि नाशिककर संतापले. जुन्या मंडळींना परमिटराज आठवत असेल. बंदीपेक्षाही ही मेहेरबानी घातक असते, कारण बंदी सर्वांना सारखी असते, मेहेरबानी ज्याची ओळख आहे त्याला मिळते. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क ठेवूनच. त्या निवडणुकीत लासलगाव ज्या मतदारसंघात आहे त्या दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला.

आता एक तारीख सांगतो. १४ सप्टेंबर २०२०. त्या दिवशी लोकसभेत शेतमालाच्या व्यापाराला मोकळीक देणारी विधेयके मांडली गेली. शेतकरी स्वतंत्र झाला, देशात कुठेही माल विकू शकेल, असा डंका वाजला. आणि त्याच दिवशी, होय, त्याच १४ सप्टेंबरला, कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. एका हाताने सनद आणि दुसऱ्या हाताने बेडी. शेतकऱ्याने यातल्या कशावर विश्वास ठेवायचा होता?

ते कायदे मला तत्त्वतः पटणारे होते, हे इथे स्पष्ट लिहितो. मंडीबाहेर विकण्याची मुभा मिळाली तर काय होते हे आपण माळव्यात पाहिले आहे. २०००च्या सुमारास आपल्याच राज्यात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू झाले. गावात बसून भाव कळू लागला, पटला तर तिथे, नाही तर मंडीत. मंडी काही बंद पडली नाही. उलट शेतकऱ्याला 'नाही' म्हणता येऊ लागले. बाजारात गरिबाची ताकद हीच असते, की एकाला नाही म्हणून दुसऱ्याकडे जाता यावे.

पण ते कायदे आणले कसे? लोक घरात कोंडलेले असताना जूनमध्ये अध्यादेश काढून. राज्यांना न विचारता. राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असताना आवाजी मतदानाने. मग पंजाबचा शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसला, त्याला देशद्रोहीसुद्धा म्हणून झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला सकाळी टीव्हीवर कायदे मागे घेतल्याची घोषणा झाली. आणताना चर्चा नाही, काढतानाही नाही. न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीचा अहवाल पडून राहिला म्हणून अखेर मार्च २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच तो जाहीर केला.

माझ्या ज्या मित्रांना खुला बाजार आवडतो पण संसदेतली चर्चा, विरोधकाचे म्हणणे, वर्तमानपत्राची टीका हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी या वर्षभराचा नीट विचार करावा. "चीनसारखा एक खंबीर माणूस हवा" असे आपल्या बैठकांतही ऐकू येते. अहो, जो खंबीर माणूस एका रात्रीत बाजार उघडू शकतो तो दुसऱ्या रात्री बंदही करू शकतो. मग व्यापारी गोदाम बांधील कशाच्या भरवशावर? २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, मोहरी, हरभरा, गहू अशा शेतमालांचे वायदे बाजार वर्षभरासाठी स्थगित झाले आणि पुढे वर्षामागून वर्ष मुदतवाढ मिळत गेली. इंदूर म्हणजे सोयाबीनची राजधानी. पेरणीच्या वेळी पुढच्या हंगामाचा अंदाज देणारी पाटीच पुसली गेली. इथे कोणी हूं की चूं केले नाही. 'सट्टा' हा शब्द ऐकला की आपल्या मध्यमवर्गाला पाप लागते. (ज्या सर सेठ हुकुमचंदांच्या नावाने आपण इंदूरची श्रीमंती मोजतो ते कापसाच्या सट्ट्यातच नावारूपाला आले होते, हा भाग वेगळा.)

हुकुमचंदांचे नाव निघाले म्हणजे गिरणीचे नाव निघणारच. मला दर वेळी हा प्रश्न विचारला जातो, की तुमचे उदारीकरण आले आणि त्याच सुमारास हुकुमचंद मिल बंद पडली, त्या कामगारांना तुमच्या बाजाराने काय दिले? यातले बरेच कामगार आपल्याच वस्तीतले होते, गणपतीच्या झांक्या काढणारे. प्रश्न टाळून चालणार नाही. बाजारात जुनी गिरणी बुडते, हे खरे आहे आणि ते क्रूर आहे. पण गिरणी बंद पडल्यावर सुमारे ४८०० कामगारांना त्यांचे हक्काचे पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडले. तीस वर्षांहून जास्त. तेवढ्यात कित्येक जण वारले. ही तीस वर्षे कोणी खाल्ली? जमीन कोणाची, आधी बँकेचे देणे की मजुराचे, या कोर्टकज्ज्यांनी. जिथे बंद पडलेल्या कारखान्याची देणी लवकर चुकती करता येत नाहीत तिथे बाजार नावाला असतो. कामगाराला बाजाराने कामावरून काढले, पण तीस वर्षे ताटकळत ठेवले ते कायद्याने आणि कचेऱ्यांनी. कामगारांच्या बाजूने उदारमतवाद्यांनी तेव्हाच ओरडायला हवे होते. ओरडले नाहीत, आणि म्हणून आज त्यांचे कोणी ऐकत नाही.

मुक्त व्यापार या शब्दालाच आपल्याकडे जुना डाग आहे, तोही समजून घेतला पाहिजे. न्यायमूर्ती तेलंगांनी १८७७ मध्ये आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्रजांच्या मुक्त व्यापाराच्या पोथीला विरोध केला होता. दोघेही अस्सल उदारमतवादी. मग विरोध का? कारण व्यापार मोकळा होता तो एकाच बाजूने. १८८२ मध्ये मँचेस्टरच्या कापडावरची जकात उठवली गेली, आणि पुढे १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के बसवले तेव्हा बरोबरी साधायला इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. अशा मुक्तीला रानडे भुलले नाहीत. आजही बाजार एकाच बाजूने उघडतो. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणजे नेमका वऱ्हाड-खानदेशचा कापूस घरी येण्याचा हंगाम. कापूस आयात करू द्यावा, माझी हरकत नाही. सूतगिरण्यांनाही जगायचे आहे. पण भाव चढला की निर्यातीला कुलूप आणि भाव पडायचा असला की आयातीला मोकळे दार, हा कोणता खुला बाजार? खाद्यतेलाचेही तेच. कच्च्या तेलावरचे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर नेले, मे २०२५ मध्ये १० वर आणले. मी सोयाबीनवाल्यासाठी कायमची तटबंदी मागत नाही. पेरताना एक नियम आणि काढताना दुसरा, एवढे तरी नको.

हे सांगणारा माणूस आपल्यात होऊन गेला. शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. निपाणी म्हटले की आपल्याला सीमाप्रश्न आठवतो. पण १९८१ मध्ये त्याच निपाणीला तंबाखूच्या योग्य भावासाठी शेतकऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग रोखून धरला होता, आणि ६ एप्रिलला गोळीबारात त्यांतले काही मारले गेले. ते आंदोलन व्यापाऱ्यांच्या मनमानीविरुद्ध होते. म्हणजे बाजार मोकळा ठेवा म्हणणारा हा माणूस व्यापाऱ्याचा भाट नव्हता. उद्योगपतीची मर्जी राखणे आणि बाजार मोकळा ठेवणे या दोन गोष्टींची आज सर्रास गल्लत होते, दोन्ही बाजूंकडून होते. सरकार एखाद्या घराण्याला कंत्राट देते तेव्हा एक बाजू त्याला विकास म्हणते, दुसरी भांडवलशाही म्हणून शिव्या देते. स्पर्धा कुठे झाली, असे विचारणारा तिसरा कोणी उरलेला नाही.

त्या तिसऱ्याला राजकारणात जागाही नाही. १९६७ मध्ये राजाजींच्या स्वतंत्र पक्षाला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या होत्या. आज तसा पक्ष काढायचा म्हटले तर निवडणूक आयोगाकडे नोंदणी करताना समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ, १९८९ पासूनचे. ज्यांचा समाजवादावर काडीचा विश्वास नाही असे सगळे पक्ष ते खुशाल लिहून देतात. अडचण होते ती खोटे लिहून देणे ज्याला जमत नाही त्याची. राज्यसभेत असताना शरद जोशींनी हे बदलण्यासाठी खासगी विधेयक आणले. काही झाले नाही. २०१५ मध्ये ते गेले, आपल्या मंडळात शोकप्रस्ताव झाला की नाही हे मी जुन्या इतिवृत्तात शोधले. नाही झाला. त्या डिसेंबरच्या इतिवृत्तात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा खर्च मात्र तपशीलवार आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. यापुढे कोणत्याही पक्षाच्या सरकारने शेतमालावर निर्यातबंदी, साठाबंदी किंवा वायदेबंदी लादली तर मंडळाने आठ दिवसांच्या आत आपल्या खासदारांना निषेधाचे पत्र पाठवावे, आणि व्हिसाबद्दल परराष्ट्र मंत्रालयाला जे निवेदन आपण गेल्या वर्षी तातडीने पाठवले त्याच्याच भाषेत पाठवावे. मसुदा मला करावाच लागणार नाही. त्या निवेदनात 'आमची मुले' आहे तिथे 'आमचे शेतकरी' घातले की काम होते, करून पाहिले आहे.

ठरावाला विरोध होणार हे मला ठाऊक आहे. आमच्या घरातूनच होणार आहे. भाजी ती आणते. विरोध करणाऱ्यांनी अवश्य यावे. दुसरा रविवार, सायंकाळी पाच, नेहमीचे सभागृह. चहाबरोबर कांदाभजी आहेत, कांदा मी चोइथराम मंडीतून ज्या भावाने मिळेल त्या भावाने आणीन.